बोंडअळीचा विटाळ

आमच्या घरच्या सुनेवर विटाळाचा आळ पहिल्यांदा घेतला तो कुणा भगताने नाही की देवळातल्या पुजाऱ्यानेही नाही. औषधाच्या दुकानदाराने घेतला. बी.कॉम. झालेला, भिंतीवर पिकांच्या रोगांचे रंगीत तक्ते लावून बसणारा माणूस. माझा भाऊ रिकामा डबा घेऊन त्याच्या गल्ल्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "शेठ, अळी मरत नाही. चार फवारे झाले." दुकानदाराने डबा हातात घेतला, फिरवून पाहिला, परत दिला. "औषध तर सगळा तालुका नेतो," तो म्हणाला. "घरात काही बाजूला बसणं वगैरे पाळता की नाही? बायामाणसं कुठल्याही दिवसात वावरात फिरतात आणि मग औषधाला नावं ठेवतात."

मी शेजारीच उभा होतो. जळगावहून दसऱ्याला घरी आलो होतो. मला वाटलं भाऊ हसेल. भाऊ हसला नाही. त्याने आणखी दोन डबे घेतले आणि घरी येऊन ते वाक्य जसंच्या तसं मायला सांगितलं.

नव्वदचं साल नुकतंच उलटलं होतं. आमचं गाव पारोळ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. काळी जमीन, कपाशी आणि ज्वारी. मी शाळेत असताना हे नवं औषध पहिल्यांदा गावात आलं, ते मला आठवतं. पाठीवरच्या पंपात एक झाकणभर औषध टाकायचं, सकाळी मारायचं, आणि दुपारी वावरात जाऊन पाहावं तर सरीत हिरव्या अळ्यांचा सडा. लोक त्याला अमृत म्हणायचे. पुढे एका झाकणाची दोन झाली. मग तीन. त्या वर्षी भाऊ तीन झाकणं टाकून वर दुसरं कुठलंसं औषध मिसळत होता, तोंडाला फडकं बांधून, डोळे लाल. आणि ओल्या पानावरून, अंगावरून औषध निथळत असताना, अळी शांतपणे बोंडात शिरत होती. अर्धी आत, अर्धी बाहेर. मी स्वतः पाहिलं.

आता घरातली माणसं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. वडिलांना घरात आणि गावात सगळेच नाना म्हणत. माय. मोठा भाऊ. आणि भावाची बायको, माझी वहिनी, लग्नाला दोन वर्षं झालेली. माहेर साक्रीच्या पलीकडचं, डोंगराच्या पायथ्याचं. दहावी झालेली. माझ्याशी पुस्तकातली मराठी बोलायची, चिडली की अहिराणी. रोज न्याहारी घेऊन वावरात जायची आणि नुसती भाकरी ठेवून परत यायची नाही. पदर खोचून मजूर बायांच्या रांगेत कापूस वेचायला लागायची.

मूल नव्हतं. हे मी मुद्दाम इथे लिहितो, कारण सगळा आळ तिथूनच निघाला. मायचा हिशेब सरळ होता. मूल नाही, म्हणजे महिन्याच्या महिन्याला विटाळ आहेच. वावरात रोज जाते, म्हणजे त्या दिवसांतही गेली असणार. मग अळी मरेल कशी? ज्या बाईला दिवस जात नाहीत तिच्यावर एक दोष होताच, त्यावर दुसरा बसवायला काय लागतं? नुसतं बोट दाखवायचं.

मी त्या वेळी बी.एस्सी. होऊन जळगावात एका विज्ञान मंडळाचं काम करत होतो. पत्रकं लिहायची, छापून आणायची, बाजारात वाटायची, गावोगाव जाऊन बोलायचं. भानामती, गंडेदोरे, अंगात येणं, सगळ्यावर माझी पत्रकं होती. पत्रकाची भाषा अंगात मुरलेली. तीन प्रश्न, तीन उत्तरं, शेवटी उद्गारचिन्ह. कॉलेजात उत्क्रांती शिकलो ती जिराफाच्या मानेची. परीक्षेत त्या मानेला चांगले मार्क मिळाले. आमच्याच वावरात, आमच्याच पंपाने, दहा वर्षं उत्क्रांती चालली होती, ती मला कुणी दाखवली नाही आणि मलाही दिसली नाही. मला माझाच राग येतो तो इथून.

त्या दिवशी जेवताना मी नानांना समजवायला बसलो. म्हटलं, "नाना, हजार अळ्यांत एखादी जन्मतःच अशी असते की तिच्या पोटात हे विष पचतं. पहिल्या फवाऱ्याला बाकीच्या मेल्या, ती उरली. तिची पिल्लं तिच्यासारखी. पुन्हा फवारा, पुन्हा तीच उरली. दहा वर्षं आपण मरणाऱ्या मारतोय आणि न मरणाऱ्या वाढवतोय."

नाना भाकरी मोडत म्हणाले, "म्हंजे बळी तो कान पिळी. हे शिकाले जळगाव गयता तू?"

"तसं नाही. ती बळकट नाही. नुसती या विषापुरती..."

"जेव," नाना म्हणाले. "तू दहा वरीसमा एक दिन पंप उचलना का पाठवर?"

भाऊ खाली बघून हसला. माय चुलीपाशी होती, तिने वहिनीकडे न बघता सांगून टाकलं, "दिवाईले धाडी द्या तिले. कापूस निघस तंवर ऱ्हाऊ द्या तथाच."

ऐकायला किती साधं. दिवाळीला सून माहेरी जातेच. पण आमच्याकडे भाऊबीज झाली की सासरचं माणूस तिला घ्यायला जावं लागतं. कोणी गेलं नाही तर ती आपल्या पायाने परत येत नाही. आली तर तोंड दाखवायला जागा उरत नाही. कोणी घ्यायला गेलं नाही, म्हणजे टाकली. "कापूस निघस तंवर" म्हणजे होळीपर्यंत. होळीपर्यंत न आणलेली, मूल नसलेली सून नंतर कुणी आणल्याचं मी आमच्या पंचक्रोशीत पाहिलेलं नाही. भावाला ते कळत होतं. तो हात धुवायला उठून गेला. आणि तिला पोचवायला कोण जाणार? मी. भावाला फवारणी होती.

धुळ्याहून साक्रीच्या गाडीत बसलो तेव्हा वहिनी खिडकीशी होती. मीच बडबडत होतो, दुकानदार कसा चोर, नाना कसे अडाणी, माय कशी. ती एकदम म्हणाली, "भाऊजी, एक सांगते. कुणाला बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"मायांचं खरं आहे. मी त्या दिवसांत वावरात जाते. लग्न झालं तेव्हापासून जाते. दरमहा. पहिल्या वर्षी वेचणीची पूजा झाली ना, नारळ फोडला, मी ताट धरलं होतं. त्या दिवशीही होते मी. आणि त्या वर्षी कापूस किती आला, आठवतं?"

आठवत होतं. घरात माणसाला बसायला जागा नव्हती. ओटीवरही कापूसच होता.

"आणि मी एकटी नाही," ती म्हणाली. "वेचायला पंचवीस बाया येतात. रोज त्यांच्यात चारपाच जणी असणारच. कुणी विचारतं का त्यांना? विचारलं तर वेचील कोण?"

साऱ्या मंडळात, चार वर्षांच्या पत्रकांत, एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली नव्हती. मी शब्द दिला होता, कुणाला बोलणार नाही. तो शब्द दिला होता हे लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

तिच्या माहेरी तुरीचं वावर होतं, बाजरीच्या कडेने. फुलावर आलेली, कुठे कुठे शेंग धरलेली तूर. आणि तुरीवर तीच हिरवी अळी. कपाशीत आपण हिला बोंडअळी म्हणतो, हरभऱ्यात घाटेअळी, किडा एकच. मी वहिनीच्या वडिलांना विचारलं, "आबा, यावर काय मारता?"

म्हातारा म्हणाला, "काय मारानं? पैसा कोठे शे? पहाटले झाड हालवतस, कोंबड्या सोडतस."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या अळीने औषध कधी पाहिलंच नव्हतं. हिच्या आईनेही नाही, आजीनेही नाही. ही अळी आणि आमची अळी शेजारी शेजारी ठेवून एकाच पंपाने फवारायच्या. बस. मरेल ती मरेल, उरेल ती उरेल, आणि सगळं गाव डोळ्यांनी बघेल.

मी पत्र्याच्या डब्यात पाला घालून पन्नासेक अळ्या जमवल्या. सकाळी डबा उघडला तर पंधरा. बाकीच्यांची कातडी. या अळ्या एकमेकींना खातात, हे मला बी.एस्सी.ने सांगितलं नव्हतं. वहिनीने डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "एकीला एक घर द्या, भाऊजी. आपल्यासारखं एका घरात कोंडू नका." मग तिनेच गावातल्या दोन दुकानांतून आणि शेजारपाजारहून रिकाम्या काडेपेट्या गोळा करून आणल्या. तुरीवरून आणखी अळ्या वेचल्या आणि दिवसभर बसून एकेका पेटीत एक कोवळी शेंग, एक अळी. काम करता करता मी तिला सगळं सांगितलं, नानांना सांगितलं होतं तेच. तिने मधेच थांबवलं.

"म्हणजे चाळणी," ती म्हणाली. "औषध म्हणजे चाळणी. दरसाल चाळायचं आणि चाळणीच्या वर उरलं तेच पेरायचं."

मी चार वर्षं पत्रकं लिहीत होतो. असं एक वाक्य मला लिहिता आलं नव्हतं.

परतीच्या गाडीत मांडीवर काडेपेट्यांनी भरलेली पिशवी. कंडक्टर म्हणाला, "काय पावने, बिडीचं दुकान टाकताय का? एक पेटी द्या इकडं." मी दिली नाही. "काड्या नाहीत, अळ्या आहेत," म्हटलं. तो पुढच्या सीटकडे सरकला आणि धुळ्यापर्यंत माझ्याकडे परत आला नाही.

प्रयोग आमच्याच अंगणात केला. जमली तेवढी माणसं बोलावली, वीसपंचवीस होती. साक्रीच्या वीस अळ्या, आमच्या वावरातल्या वीस, सारख्या आकाराच्या निवडलेल्या. कपाशीची ताजी पानं. पंप भावानेच पाठीवर घेतला, औषध त्यानेच ओतलं, एकच झाकण, म्हणजे मी काही चोरी केली असं कुणी म्हणायला नको. दोन्हीकडच्या आणखी चारचार अळ्यांवर नुसतं पाणी मारलं, तेही सगळ्यांना दाखवून, की पाण्याने काही होत नाही. मग पुन्हा पेट्यांत भरून, खुणा करून, ओट्यावर रांगेत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच माणसं आली. पेट्या एकामागून एक उघडल्या. साक्रीच्या वीसही अळ्या काळ्या पडून आखडलेल्या. आमच्यातल्या तीन मेल्या होत्या. सतरा पान कुरतडत होत्या. पाणी मारलेल्या सगळ्या जिवंत.

मी नानांकडे बघत होतो. खरं सांगतो, मला वाटलं जिंकलो. मनात मी साक्रीच्या गाडीत बसलोही होतो, वहिनीला घ्यायला.

नानांनी एक पेटी उचलली, उन्हात धरली, आतली अळी बोटाने हलवून पाहिली. मग मान डोलावली. "बरोबर शे," ते म्हणाले. "साक्रीनी अळीले विटाळ नही लागना, म्हनीसन ती मरनी. आपलीले लागना."

सगळ्यांच्या माना हलल्या. कोड्याचं उत्तर सापडावं तसे चेहरे. आणि मागून कुणीतरी म्हणालं, "आते सून तथा जाई बठनी. पुढला साल तथली अळीबी मरनार नही, देखा!" मग जे हसू फुटलं, ते मला आजही ऐकू येतं. भाऊही हसला. पाठीवर पंप होता त्याच्या.

त्या हसण्यावर मी पुढे फार विचार केला, म्हणून इथे थोडं थांबतो. आम्ही मंडळवाले समजत होतो की लोकांना पुरावा दाखवला नाही म्हणून ते मानत नाहीत. खोटं. पुरावा हाही फवाराच असतो. आमच्या चार वर्षांच्या पत्रकांनी काय केलं? ज्या समजुती एका प्रश्नात मरण्यासारख्या होत्या त्या मारल्या. जी समजूत कुठलाही पुरावा पोटात घालून पचवते, ती उरली, आणि आता गावात तिचंच बेणं आहे. अळी मेली तरी विटाळ, नाही मेली तरी विटाळ. अशी समजूत मारायला झाकण वाढवून उपयोग नसतो. मी मात्र झाकणच वाढवलं.

आणि दुसरं. विटाळाची ही रीत शेकडो वर्षं जगली कशी? कारण ती कुणाच्या पोटावर येत नव्हती. ज्या घराने वेचणाऱ्या मजुरणींनाही ती लावली असती त्याचा कापूस झाडावर वाळला असता, आणि ती रीत त्या घरात एका हंगामात मेली असती. घरच्या बाईपुरती ठेवली त्या घराचं काही बिघडलं नाही, म्हणून तिथे ती जगली. मजुरणीचा विटाळ पिकाला लागत नाही, सुनेचा लागतो. असलं सोयीचं पावित्र्य! यात देव कुठे आहे? धर्म कुठे आहे? यात फक्त काय परवडतं ते आहे. लोक मला म्हणतात, तू माणसांना अळीच्या रांगेत बसवतोस. मी बसवत नाही. अळी निदान दुसऱ्या अळीवर आळ घेत नाही. सरळ खाते.

तर मी झाकण वाढवलं. त्याच रागात जळगावला गेलो आणि एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. दुकानदार, औषध, चाळणी, सगळं. आणि शेवटच्या परिच्छेदात, जाड टाइपात: पारोळ्याजवळच्या एका गावात एका घरची सून दोन वर्षं त्या दिवसांत वावरात जात होती, वेचणीच्या पूजेचं ताटही तिने त्याच दिवसांत धरलं, आणि त्याच वर्षी त्या घरात सर्वांत जास्त कापूस आला! आता बोला! वेचणाऱ्या मजूर बायांना तुम्ही कधी विचारलंत का? आता बोला!

नाव घातलं नव्हतं. नाव घातलं नाही म्हणजे सांभाळलं, असं मला वाटलं. मूर्खपणा! कोणत्या घरची सून दिवाळीआधीच माहेरी धाडली हे आठ गावांना माहीत होतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पारोळ्याच्या बाजारात मी ते वाटलं, स्वतःच्या हाताने, ओरडून. दिवस मावळायच्या आत ते घरी पोचलं.

मी घरात शिरलो तेव्हा भाऊ कंदिलापाशी ते मोठ्याने वाचत होता. वीज गेलेली. मायला वाचता येत नाही, ती ऐकत होती. "ताटही तिने त्याच दिवसांत धरलं," भाऊ वाचून थांबला.

"कबूल व्हयनी," माय म्हणाली. "सोताच्या तोंडे कबूल व्हयनी."

"पुढचं वाच," मी म्हणालो. "कापूस किती आला ते वाच की!"

भावाने कागदाची घडी केली. पुढचं वाचलं नाही. "माझ्या बायकोनं तुला सांगितलं, मला नाही सांगितलं," तो म्हणाला. एवढंच. मग कागद खिशात घातला. दुसऱ्या दिवशी साक्रीकडे निरोप गेला, सोबत तो कागद: पोरीने कबुली दिली आहे, छापून आली आहे, घ्यायला कुणी येणार नाही.

माझं पत्रक पुरावा म्हणून वापरलं गेलं. माझ्या आयुष्यात माझं एवढं एकच पत्रक कुणी पुरावा म्हणून वापरलं.

त्यानंतरचे दोन दिवस मी गोठ्यात बसून होतो. जळगावला जायचं तोंड नव्हतं, साक्रीला जायचं तर नव्हतंच. तिसऱ्या दिवशी सकाळी वेचणीच्या बाया यायच्या वेळेला बाया आल्या नाहीत. फक्त त्यांची मुकादमीण आली, सगळे तिला मावशी म्हणत. साठीची, तंबाखू मळत अंगणात उभी राहिली.

"नाना," ती म्हणाली, "आज आमनामा चौघीजनी बाजूले शेतस. वावरमा येवूत का नही? आते छापी येल शे म्हने. इचारेल बरं."

नाना म्हणाले, "तुमनं काय? तुम्हले कोन इचारस? या, या लवकर."

"आमना नही लागत का मंग?"

"तुम्ही मजूर शेतस."

"आस्स!" मावशीने तंबाखू तोंडात टाकली. "मंग सूनलेबी मजूर करी टाका, नाना. विटाळ फिटी जाई तिना."

मावशी माझ्याकडे वळली. गोठ्याच्या दारात मी उभा होतो. "आनि हाऊ आमना लिखनारा! वा रे भाऊ. आमना बी दिन छापी टाकात चौकमा. काल पोरीस्ना नवरा इचारी ऱ्हायन्तात, तूबी त्यामा होती का, तूबी त्यामा होती का. पुढली बार तारीखवार लावजो, म्हंजे कोनले इचारानं कामच नको!"

मला वाटलं होतं मी त्यांची बाजू मांडली. त्यांच्या घरोघरी मी भांडण पोचवलं होतं.

"आम्ही येवूत," मावशी नानांना म्हणाली, "पन सून वावरमा दिसनी म्हंजे येवूत. ती आमनाबरोबर येचस. तिना लागस त आमना बी लागस. आमना नही लागत त तिनाबी नही. तुम्ही ठरावा." आणि गेली.

नानांनी शेजारच्या गावात माणूस पाठवला. तिथल्या बायाही आल्या नाहीत. मावशीचा निरोप तिथे आधी पोचला होता. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. जी थोडी बोंडं अळीतून वाचली होती ती पूर्ण फुटून कापूस खाली लोंबत होता, वारा आला की मातीत पडत होता. माय आणि भाऊ दोघंच वेचत होते. मीही कापूस टाकायला कमरेला ओटी बांधून गेलो. दिवसभरात मला जेवढं जमलं तेवढं वहिनी न्याहारी आणि जेवणाच्या मधे वेचायची. हात रक्ताळले. बोंडाची टोकं किती धारदार असतात हे मला पंचवीस वर्षं त्या घरात राहून ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नाना बांधावर बसून म्हणाले, कुणाकडेच न बघता, "जाय रे, घी ये तिले. येचाले हात नहीत." चुकलं असं म्हणाले नाहीत. आजवर म्हणालेले नाहीत. भाऊ तसाच उठला, पाय धुतले आणि पारोळ्याच्या रस्त्याला लागला. माझ्या उत्क्रांतीने नाही, माझ्या अळ्यांनी नाही, पत्रकाने तर नाहीच. मातीत पडणाऱ्या कापसाने त्याला उठवलं. मला अजून त्याचा राग येतो, आणि ती आली याचं बरंही वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भावाच्या मागून अंगणात शिरली. हातात पिशवी. मायने पाणी दिलं आणि चुलीकडे वळली. मी संधी साधून पडवीत गेलो. बोलायचं ते सगळं तयार केलं होतं, सवयीने तीन मुद्दे. पहिल्याच वाक्यावर तिने हात वर केला.

"माले इचारं का तू?" ती म्हणाली. अहिराणीत, आणि अरेतुरेत. दोन वर्षांत तिने मला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"वहिनी, माझा हेतू..."

"बापनी कागद वाचा. शेजारनी वाचा. बठ्ठा गावनी वाचा. मी काय खोटं सांगं का तुले? खरंच सांगं. पन ते मनं सोतानं होतं. तू कोन वाटनारा?"

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"चुकनंच," ती म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी पुन्हा पुस्तकातल्या मराठीत बोलायला लागली, भाऊजीही म्हणते. पण स्वतःचं असं काही तिने मला पुन्हा सांगितलेलं नाही.

मंडळात मी हे सगळं मांडलं तेव्हा एक जण म्हणाला, मोठ्या कामात असं थोडंफार होतंच. मी त्याच्याशी भांडलो, आणि अजून भांडतो. ज्या बाईचं आहे तिला न विचारता तिचं शरीर चव्हाट्यावर मांडायचं, हे माय करते तेव्हा ती रूढी, आणि मी जाड टाइपात करतो तेव्हा प्रबोधन? दुकानदाराने तेच केलं, स्वतःचा डबा वाचवायला. मी माझा मुद्दा वाचवायला केलं.

ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मावशी बाया घेऊन वावराच्या वाटेला लागलेली, अंगणातून दिसत होती. वहिनीने भाकऱ्यांची पाटी डोक्यावर घेतली आणि दाराकडे निघाली. माय उंबऱ्यात उभी होती. तिने वाट अडवली नाही, पण बाजूलाही झाली नाही. विचारायचं होतं तिला. ओठ हललेही. भाऊ पंपाचा पट्टा लावता लावता थांबला.

"हो," वहिनी म्हणाली. "कालपासून."

आणि पाटी एका हाताने सावरत ती मायच्या अंगावरून बाहेर पडली. मायने आधी नानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नानांनी खाटेवरून पाय खाली सोडले, चपला शोधल्या, कापसाची रिकामी गोणी खांद्यावर टाकली आणि तिच्या मागून वावराकडे चालू लागले.